रेनकोटातली बाई आणि तळ्यातल्या पाहुण्या

हिंगोलीला समुद्र नाही. हे काही मी सांगायला हवं असं नाही, पण माझं सामान पाहून कुणाला ते पटलं नसतं. गुडघ्यापर्यंतचे गमबूट, कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, पारदर्शक प्लास्टिकचा पायघोळ रेनकोट, व्हिनेगरची बाटली, कोकमाच्या आगळाची बाटली आणि पोटाशी धरलेला सूक्ष्मदर्शक. एवढं घेऊन मी ऑक्टोबरच्या भाजून काढणाऱ्या उन्हात हिंगोली स्टेशनावर उतरले. रिक्षावाल्यानं एकदा माझ्या बुटांकडे पाहिलं, एकदा आभाळाकडे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, पूर कुठं आलाय?"

तेव्हा मी पंचेचाळिशीत होते आणि स्वतःला फार मोठी शास्त्रज्ञ समजत होते. आज मला नातवंडं आहेत, त्यामुळे तो गैरसमज पार गेला आहे. घरात लहान मुलं असली की कुठलाच मोठेपणा टिकत नाही.

रत्नागिरीच्या बाजूला एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायची आणि उरलेल्या वेळात बंदरातल्या परक्या शिंपल्यांच्या मागे असायची. दूरदेशीच्या शिंपल्या जहाजांच्या पोटाला चिकटून आपल्याकडे येतात, धक्क्याच्या खांबांवर बस्तान मांडतात, आणि मूळच्या मंडळींना बसायला जागा ठेवत नाहीत. त्यांच्या पेशींत आईकडून लेकीकडे आलेल्या खुणा असतात. त्या वाचल्या की कळतं, ही जमात कुठल्या किनाऱ्यावरून निघाली, एकदाच आली की दर जहाजागणिक येत राहिली. मी हे सांगायला लागले की लोक घड्याळाकडे बघायचे.

तर अशा मला एक दिवस हिंगोलीहून प्रज्ञाचा फोन आला. प्रज्ञा तिथल्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्राध्यापिका. एका प्रशिक्षणवर्गात आम्ही एका खोलीत राहिलो होतो. ती म्हणाली, "मॅडम, औंढ्याच्या पलीकडं एका तांड्याजवळ पाझर तलाव हाय. त्यात जेलीफिश निघून राहिल्या. मला वाटतं, हे बहुतेक चीनकडचं..." यापुढचं मी ऐकलंच नाही. गोड्या पाण्यात, समुद्रापासून इतक्या आत जेलीफिश! नवी जात! आणि नवी जात शोधणाऱ्याचं नाव त्या जातीला लागतं. फोन ठेवायच्या आत मी माझ्या नावाचं लॅटिन रूप तयार केलं होतं. वहीच्या मागच्या पानावर ते तीन वेगवेगळ्या अक्षरांत लिहून पाहिलं. तिसरं मला जास्त शोभलं.

हिंगोली

जिल्हा होऊन फार काळ झाला नव्हता. दुकानांच्या पाट्यांवर ‘जि. परभणी’वर रंग मारून ‘जि. हिंगोली’ लिहिलेलं होतं, पण रंग पातळ मारल्यामुळे खालची परभणी उन्हात पुन्हा डोकावत होती. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यानं जाताना हवेतच हळद होती. प्रज्ञाच्या घरी पोचेपर्यंत माझा रुमाल पिवळा झाला होता.

दारावर पंचशीलाचा ध्वज, बैठकीत पांढरी बुद्धमूर्ती, तिच्यासमोर ताजी शेवंती. प्रज्ञाच्या आईनं "जयभीम ताई" म्हणून माझं स्वागत केलं आणि लगेच माझे गमबूट दोन बोटांनी उचलून अंगणात नेऊन ठेवले, जणू मी सोबत एखादी मेलेली घोरपड आणली होती.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, अंबाडीची भाजी आणि ठेचा. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसालेदार पीठ. त्याची आमटी एवढी झणझणीत की पहिल्या घासाला माझे कान गरम झाले. आमच्या कोकणात भात म्हणजेच जेवण. इथं भात जेवण संपता संपता येतो, दारात उभ्या राहिलेल्या संकोची पाहुण्यासारखा, वाढला तर वाढला. मी माझं आगळ काढून पाण्यात घातलं आणि मावशींना चाखायला दिलं.

त्यांनी जिभेवर घोळवून पाहिलं. "चिंचेचीच बहीण दिसून राहिली," त्या म्हणाल्या. "पण ताई, बहीण जरा रुसकी हाय."

मग मी त्यांना जेलीफिशच्या नव्या जातीचं नाव सांगितलं. माझं, लॅटिनमधलं. त्यांनी माझ्या ताटात अर्धी भाकरी टाकली आणि म्हणाल्या, "नाव छान हाय. पण आधी लेकरू तर बघा, मग बारसं करा."

प्रज्ञा ताटात मान घालून हसत होती. मला वाटलं, ठेच्यानं ठसका लागला असेल.

तळं

औंढ्यापर्यंत एसटीनं गेलो. नागनाथाच्या रस्त्यावर फुलवाले, प्रसादवाले आणि परगावचे भाविक यांची गर्दी होती. तिथून काळ्या-पिवळ्या जीपनं डोंगराच्या कडेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीची रुंद पानं, मधूनच कापूस आणि तूर. शेवटी टेकडीच्या पोटात तांडा, आणि त्याच्याखाली डोळा उघडावा तसं तळं.

तळं ज्यांच्या ताब्यात होतं त्या बायकांची पुढारी शेवंताबाई. उंच, सडसडीत, कपाळावर गोंदण, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर थाप मारायची सवय. तांड्यातली मंडळी म्हणजे पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारे लोक. आता सगळे शेतकरी. शेवंताबाईनं तांड्यातल्या बायकांचा गट करून तळं मासे पाळायला घेतलं होतं. पुरुष हसले होते. औंढ्याच्या बाजूचा एक ठेकेदार तर म्हणाला होता, बायांनी भाकरी कराव्या, मासे आमी बघू. पहिलंच वर्ष होतं. रोहू आणि कटला हातभर वाढले होते. यंदाचा मासा बाजारात खपला तर तळं बायकांकडे राहणार होतं, नाहीतर ठेकेदाराकडे जाणार होतं. शेवंताबाईनं हे मला पहिल्या पाच मिनिटांत, खांद्यावर तीन थापा मारून सांगितलं.

"आन् आता हे पाहुणं निघालं," ती म्हणाली. "बाई, तुमी शिकलेल्या. हे इखारी हाय का न्हाई, येवढं सांगा. बाजारात कोनी कुजबुज केली तर मासा कोन घेईल?"

"तपासल्याशिवाय काही सांगता येणार नाही," मी म्हणाले. हे वाक्य मला तेव्हा फार आवडायचं.

आता एक गोष्ट सांगायला हवी. लहानपणी गणपतीपुळ्याच्या बाजूला एका किनाऱ्यावर मला जेलीफिश लागली होती. दंड भोपळ्यासारखा सुजला होता आणि मी एवढी रडले होते की आमच्या आत्यानं मला गप्प करायला आख्खा फणस फोडला होता. तेव्हापासून या प्राण्यावर माझं प्रेम काचेच्या या बाजूनं होतं.

म्हणून मी बूट चढवले, हातमोजे चढवले, रेनकोटाची सगळी बटणं लावली, आणि तळ्याकाठी उभी राहिले. पाण्यात तांड्यातल्या चार-पाच बाया परकर खोचून कपडे धूत होत्या. त्यांच्या पोटऱ्यांभोवती जेलीफिश फिरत होत्या.

"बाहेर या! सगळ्या बाहेर या!" मी ओरडले.

"काहून?" एकीनं विचारलं.

"डंख करतात त्या!"

"आठ दिवस झाले, त्या आमच्यात अन् आमी त्यांच्यात," ती म्हणाली आणि दगडावर लुगडं आपटत राहिली.

मी पाण्यात उतरले. आणि खरं सांगते, पाहिलं ते विसरण्यासारखं नाही. रुपयाच्या नाण्याएवढ्या, काचेसारख्या आरपार छत्र्या. कडेला केसासारखे धागे, पोटात पांढऱ्या चार पाकळ्यांची फुली. छत्री मिटायची, उघडायची, मिटायची, उघडायची; अशी टुकटुक करत ती वर यायची, पाण्याच्या पृष्ठभागाला डोकं टेकवायची, उलटी व्हायची आणि काही एक न करता खाली तरंगत जायची. खाली गेली की पुन्हा टुकटुक. शेकडो. सगळं तळं श्वास घेत होतं.

मी नाव विसरले, लॅटिन विसरले, आणि पुढे एक पाऊल टाकलं. तिथे तळाचा चिखल संपून खड्डा सुरू होत होता.

गमबुटांत पाणी शिरलं. पाय खाली आणि रेनकोट वर, असा प्रकार झाला. रेनकोटात हवा भरली, तो माझ्याभोवती गोल फुगला आणि मी तळ्याच्या मध्यावर बाटलीच्या बुचासारखी तरंगायला लागले. हात हलवले की वर, थांबवले की खाली. एवढ्यात एक जेलीफिश माझ्या गालाला लागली, आणि मी जी किंकाळी फोडली ती पुसेगावपर्यंत गेली असावी.

शेवंताबाई आणि धुणं धुणाऱ्या बायांनी मला दंडाला धरून ओढत काठावर आणलं. हसून हसून त्यांना धड ओढताही येत नव्हतं.

"बाई," शेवंताबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमी तर त्यांच्यातल्याच दिसून राहिल्या! बाहेरून फुगलेल्या अन् आतलं समदं दिसून राहिलं!"

मी गालाला व्हिनेगर चोळत होते. गालाला काहीही झालेलं नव्हतं. व्हिनेगरमुळे मात्र तो लाल झाला.

या सगळ्या गोंधळात बांधावरच्या रस्त्यावर एक टेम्पो थांबला होता, आणि त्यातली माणसं उभी राहून पाहत होती, हे माझ्या लक्षातच आलं नाही.

परत आलेली टोपली

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत बसलो. तळ्याच्या चारी बाजूंनी धरलेल्या जेलीफिश घागरीतून आणल्या होत्या. प्रज्ञानं कपाटातून एक जुनं जाडजूड पुस्तक काढलं, पान उघडून माझ्यासमोर ठेवलं आणि फळा पुसायला निघून गेली. चित्र तेच होतं. छत्री तीच, फुली तीच, धागे तेच. मूळ चीनमधल्या नद्यांकडचा प्राणी, पाणवनस्पती आणि मासे यांच्यासोबत कधीचा जगभर पसरलेला. नाव कधीच ठेवलेलं, आणि तेही माझ्या आजीच्या जन्माच्या आधी.

"फोनवर सांगत होते मी," प्रज्ञा फळ्याकडे तोंड करून म्हणाली.

"नीट ऐकू येत नव्हतं," मी म्हणाले. फोन अगदी स्वच्छ ऐकू येत होता.

आम्ही एकेक जेलीफिश सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायला लागलो. पोटातल्या त्या पांढऱ्या पाकळ्या म्हणजे जननग्रंथी. नर असेल तर एक रूप, मादी असेल तर बारीक बारीक अंडी. पहिली मादी. दुसरी मादी. उत्तरेकडची मादी, बांधाकडची मादी. प्रज्ञा लिहीत होती, मी सांगत होते. संध्याकाळ होत आली तेव्हा ती पेन खाली ठेवून म्हणाली, "मॅडम, या तळ्यात गडीमाणूसच नाही."

मी जागची उठले. बंदरातल्या शिंपल्यांत वर्षानुवर्षं शोधत होते ते इथे बशीत पडलेलं होतं. या प्राण्याचं एक दुसरं रूप असतं, तिळापेक्षा लहान, तळाच्या दगडाला चिकटलेलं. त्याला कोंब फुटतात आणि कोंबांच्या छत्र्या होतात. अशा एकाच तिळाएवढ्या जीवाच्या सगळ्या लेकी, म्हणून सगळ्या बायाच. म्हणजे हा प्राणी इथे एकदाच आला होता. जहाजानं नाही, पुरानं नाही. कशासोबत तरी एकटीच आलेली एक आणि तिच्या या सगळ्या मुली. नवी जात नव्हती, पण त्या बशीवर मी जितकी खूश झाले तितकी लॅटिन नावावर कधी झाले नव्हते. मी प्रज्ञाला मिठी मारली. फळ्याचा खडू माझ्या पाठीवर उमटला.

तेवढ्यात दारात शेवंताबाई उभी राहिली. डोक्यावर टोपली, टोपलीत ओल्या फडक्याखाली मासे, सगळेच्या सगळे. आज ती नेहमीसारखी थाप मारायला आली नाही.

"औंढ्यात कोनी हात लावला न्हाई," ती म्हणाली. "म्हनतात, शहरातली शिकलेली बाई आली, बूट-मोजे घालून उतरली, तरी डसलं. बायांनी वढून काढली. तोंड लाल झालतं म्हनतात." तिनं टोपली सावरली. "बाई, ते व्हिनेगर तुमी काहून चोळलं?"

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. विषय बदलावा म्हणून प्रज्ञानं चटकन चहा मागवला. शेवंताबाईनं चहा घेतला, पण टोपली खाली ठेवली नाही.

"उद्या नायकासमोर बसा," ती म्हणाली. "तांड्यात नवं कोनी राहायला आलं तर नायक विचारतो. ह्यांचंबी विचारू द्या. अन् परवा कळमनुरीचा बाजार हाय. तितं मासा न्हाई खपला तर तळं गेलं."

नायकाची बैठक

तांड्याच्या मधोमध कडुलिंबाच्या झाडाखाली नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, बसले होते. पांढरा फेटा, हातात बाभळीची काठी, नजर मिस्कील. "आवो बाई, बेसो," म्हणत त्यांनी घोंगडीवर जागा दाखवली. भोवती सगळा तांडा. माझ्या पुढ्यात काचेच्या बरणीत तीन जेलीफिश टुकटुक करत होत्या. आरोपी म्हणा, पाहुण्या म्हणा.

आमच्याकडे नवा भाडेकरू आला की लोक पडद्याआडून बघतात आणि वर्षभर अंदाज बांधतात. इथे तसं नाही. तांड्यात वस्तीला येणाऱ्याला चारचौघांत समोर बसवून विचारतात: कोण, कुठला, गोत काय, कुणाच्या संगतीनं आलास, आणि तुझ्यासाठी उभा कोण राहणार. उत्तरं पटली तर जागा मिळते. मला ही पद्धत फार आवडली. निदान प्रश्न मला विचारले जाऊ लागेपर्यंत आवडली.

"गाव कोन्तं ह्यांचं?" नायकांनी विचारलं.

"चीनकडच्या नद्या."

"लांबून आले. आमचेबी वाडवडील लांबूनच आले. आले कोनासंगं?"

"मासे सोडले तेव्हा," मी चाचरत म्हणाले, "पिल्लं कुठून आणली होती?"

शेवंताबाई पुढे आली. मत्स्यबीज लांबच्या एका तलावावरून, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आणलं होतं. पाण्यासकट.

"त्या पाण्यातून एखादा कोंब आला असणार. तिळाएवढा. कुणालाच दिसला नसता."

"म्हंजी आमीच आनलं की गं ह्यांना!" शेवंताबाईनं कपाळाला हात लावला. "डोक्यावर घेऊन आनलं!"

सगळे हसले. नायकांनी काठी आपटली. "गोत काय?"

इथे माझ्या विषयाला आयुष्यात पहिल्यांदा श्रोते मिळाले. मी सांगितलं की प्रत्येकीच्या अंगात आईकडून आलेल्या खुणा असतात, आणि या सगळ्या एकाच आईच्या दिसतात. पक्कं सांगायला नमुने पुण्याच्या मैत्रिणीकडे पाठवणार, पण गोत बहुधा एकच. लोक घड्याळाकडे बघत नव्हते. एक म्हातारी तर हात पकडून म्हणाली, "पुढं सांग."

"एकच गोत?" नायकांच्या भुवया वर गेल्या. "मंग सोयरीक कशी व्हईल? आमच्यात एका गोतात लगीन लागत न्हाई."

"यांच्यातही लागत नाही, नायक. सगळ्या बायाच आहेत. गडी एकही नाही."

मग जो गदारोळ झाला तो मला इथं पुरा लिहिता येणार नाही, कारण नात शेजारी बसून वाचते आहे. एवढं सांगते की बायकांनी त्या तळ्याला लगेच सुखी तळं ठरवलं, आणि एकीनं आपल्या नवऱ्याकडे पाहून विचारलं की तिथं राहायला जागा आहे का.

नायक हसू दाबत होते. मग ते गंभीर झाले. "इख हाय का?"

"त्यांचा डंख बारीक किड्यांना पुरतो. माणसाच्या कातडीतून तो जात नाही."

"मंग तुमी वरडल्या काहून?"

बरणीतल्या जेलीफिशसुद्धा थांबल्यासारखं मला वाटलं. मी दंडाची, आत्याची आणि फणसाची सगळी हकीकत सांगितली. नायकांनी ती शांतपणे ऐकली.

"बराबर," ते म्हणाले. "मार एकीनं दिला, भ्या दुसरीचं वाटून राहिलं. पाहुण्यांनी काई वाकडं केलं न्हाई, राहू द्या त्यांना. पन त्यांच्यासाटी उबं कोन राहनार? त्यांना आनलं शेवंतानं, पर तिचं बाजारात कोनी ऐकत न्हाई. बदनाम तुमी केलं." काठीचं टोक माझ्याकडे वळलं. "जामीन तुमी. उद्या कळमनुरीला बसा."

मी मान हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. त्यानंतर बायांनी मला भाकरी आणि त्याच तळ्यातल्या रोहूचं हळद-मिरची-लसणाचं कालवण वाढलं. इतकी वर्षं मी गोड्या पाण्यातल्या माशाला नावं ठेवत होते. तीन वेळा कालवण मागून घेतल्यावर नावं ठेवणं बंद केलं.

कळमनुरीचा बाजार

नांदेडच्या रस्त्यावरचा तो बाजार. एका बाजूला मिरच्यांचे ढीग, एका बाजूला शेळ्या, मधे बांगड्या, दोर, विळे, भजी. मासेवाल्या बायांच्या ओळीत शेवंताबाईनं जागा धरली. टोपलीसमोर मिठाईवाल्याकडून मागून आणलेली मोठी काचेची बरणी ठेवली आणि घागरीतल्या जेलीफिश तिच्यात अलगद सोडल्या. ऊन पडलं तशा त्या बरणीत चमकायला लागल्या. लोक गोळा झाले, पण हातभर लांब. टोपलीकडे कुणी येईना.

"हीच ती," मागून कुणीतरी म्हणालं. "हीच डसली त्या बाईला."

"ती बाईच बसली हाय इतं," शेवंताबाईनं मोठ्यांदा सांगितलं. "जित्ती!"

पांढऱ्या दाढीचे एक चाचा पुढे आले. त्यांनी बरणीकडे पाहिलं, माशांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "बाई, बाताँ बाद में. पैले हाथ डालो."

रबरी मोजे पिशवीत होते. प्रज्ञानं पिशवी उचलून आपल्या पाठीमागे ठेवली. मैत्रीण असावी तर अशी.

मी बाही वर सारली. तोच दंड. सगळं शास्त्र मला पाठ होतं: धाग्यांची लांबी, डंखाची ताकद, कातडीची जाडी. हाताला मात्र त्यातलं काही माहीत नव्हतं, तो बरणीच्या तोंडाशी येऊन थांबला. समोर शेवंताबाई उभी होती. आज ती हसत नव्हती. तिच्या टोपलीवरचं फडकं उन्हात सुकत चाललं होतं.

मी डोळे मिटले आणि हात कोपरापर्यंत आत घातला.

काही नाही. कोमट पाणी. मग बोटांच्या मधून काहीतरी सरकलं, साय सरकावी तसं. मग मनगटाला एक टुकटुक, तळव्याला एक टुकटुक. मी डोळे उघडले तर एक छत्री माझ्या करंगळीला डोकं टेकवून बसली होती. मला एवढं हसू आलं की पाणी बरणीबाहेर सांडलं.

"काय वाटून राहिलं?" कुणीतरी विचारलं.

"गुदगुल्या!"

चाचांनी स्वतःची बाही सारली. "सरको जरा." त्यांचा हात आत गेला. ते बोटं पाण्यात हळूच फिरवत राहिले. मग दाढीतून हसत म्हणाले, "वल्ला! रेशम है, रेशम." आणि ओल्या हातानंच त्यांनी एक कटला उचलला. "इसकी आँख साफ है. तोलो."

त्यानंतर रांग लागली. हात घालायला रांग, मासे घ्यायला रांग. शेवंताबाईला सूर सापडला होता. "बघा फुकट, हात लावा फुकट, मासा इकत!" ती ओरडत होती आणि पुढे येणाऱ्या प्रत्येकाच्या खांद्यावर थाप मारत होती. एका नव्या नवरीनं विचारलं, "ह्यांना म्हंतात काय?"

मी घसा साफ केला. पुस्तकातलं लांबलचक नाव जिभेवर होतं. पण शेवंताबाई माझ्या आधी बोलली.

"कुमुदबाई," ती म्हणाली.

"ते माझं नाव आहे," मी म्हणाले.

"म्हनूनच. तुमी तळ्यात पडल्या तवा अशाच दिसल्या. काचंचा झगा, वर आल्या, खाली गेल्या, वर आल्या, खाली गेल्या. तांड्यात समद्या तेच म्हनून राहिल्या त्या दिसापासून." ती नवरीकडे वळली. "घाल गं हात. कुमुदबाई काई करत न्हाई. निस्ती वरडती."

टोपली रिकामी झाली तेव्हा बाजार अजून भरात होता. प्रज्ञा भजी घेऊन आली. शेवंताबाईनं रिकामी टोपली पालथी घालून तिच्यावर बसून भजी खाल्ली, आणि म्हणाली की तिनं इतकं उंच आसन आजवर कधी पाहिलं नव्हतं.

घरी आल्यावर

पुण्याच्या मैत्रिणीनं नमुन्यांतल्या खुणा वाचल्या. सगळ्यांच्या अगदी एकसारख्या. नायकांना मी कळवलं की गोत खरोखर एकच. यावर मी एक निबंध लिहिला, त्यात त्या प्राण्याचं कधीचं ठेवलेलं नाव छापलं आणि प्रज्ञाचं नाव माझ्या आधी घातलं. वहीचं मागचं पान मी फाडलं नाही. नातवंडांना दाखवायला ते उपयोगी पडतं.

त्या जेलीफिश दर वर्षी दिसत नाहीत. कधी वर्षानुवर्षं तळाच्या दगडावर तिळासारख्या बसून राहतात, आणि पाणी मनाजोगं तापलं की एका आठवड्यात सगळं तळं छत्र्यांनी भरून टाकतात. त्यामुळे वाट बघावी लागते. मधे बरीच वर्षं गेली, तांड्यात मोबाइल आला, तळं अजून बायकांकडेच होतं. मग एका ऑक्टोबरात, मी नातीला न्हाऊ घालत असताना फोन वाजला. पलीकडून पाण्याचा, धुण्याचा आणि हसण्याचा आवाज एकदमच आला, आणि त्या सगळ्यांवर शेवंताबाई ओरडत होती:

"बाई, लौकर या! तळं तुमच्यानं भरलंय!"